बोलेरो पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरी कसे बदलायचे

पुढचे ब्रेक पॅड बदलणं हे पिकअपच्या कामांतलं त्यातल्या त्यात सोपं काम आहे. चाक काढायचं, कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर (डिस्कवर) पॅड दाबणारा भाग, उघडायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे. पण नवे पॅड टाकूनही गाडी एका बाजूला ओढते, जोडीतला एकच पॅड लवकर संपतो, किंवा घाट उतरून आल्यावर एकाच चाकाजवळ जळका वास येतो, तेव्हा दोष पॅडचा क्वचितच असतो. पॅड आणि कॅलिपर ज्या पिनांवर, ज्या खाचांत सरकतात, त्या गंजलेल्या नाहीतर सुकलेल्या राहिलेल्या असतात. म्हणून इथे पॅड बसवण्यापेक्षा साफसफाईला आणि तपासणीला जास्त जागा दिली आहे. वेळ कमी असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला, पण तो भाग गाळू नका.

उदाहरण महिंद्रा बोलेरो पिकअपचं घेतलं आहे, कारण कांद्यापासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळं वाहणारी ही गाडी आपल्याकडे गावोगाव आहे. टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स यांच्यातही पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच मांडणी आहे. त्यामुळे कामाचा क्रम तोच राहतो; पान्यांचे आकार आणि बोल्ट कसण्याचे आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

## पॅड बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं

नव्या पॅडवर लोखंडी पाठीवर साधारण १० मिमीच्या आसपास लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा थर, असतं. ते ३ मिमीवर आलं की पॅड बदला. माल भरून घाटात जाणारी गाडी असेल तर ४ मिमीलाच बदललेले बरे, कारण पातळ लायनिंगमधून उष्णता लवकर पिस्टनपर्यंत (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते.

बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. लायनिंग संपत आलं की ती डिस्कला घासून चिर्रर्र असा बारीक, सतत आवाज करते. खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा जाड आवाज येत असेल, तर लायनिंग संपून पाठ डिस्कला लागली आहे. अशी गाडी चालवू नका. त्या अवस्थेत डिस्कही बदलावी लागण्याची शक्यता मोठी असते.

आणखी एक खूण बॉनेटखाली दिसते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जातं. पातळी उतरली म्हणून लगेच ऑइल ओतू नका, आधी पॅड बघा. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरलीत, तर नवे पॅड बसवताना तेच ऑइल उतू जाईल आणि रंगावर सांडून रंग उडवेल. पॅड जाड आहेत आणि तरीही पातळी उतरते आहे, असं असेल तर कुठेतरी गळती आहे. मग आधी ती शोधा.

## जवळ काय काय हवं

सुटे भाग:

- पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, म्हणजे चार पॅडचा एक सेट. फक्त एकाच बाजूचे पॅड कधीच बदलायचे नाहीत, गाडी ब्रेकला एकीकडे ओढेल.
- पॅडच्या खाचांत बसणाऱ्या स्टीलच्या क्लिपा. काही सेटमध्ये येतात, काहींत वेगळ्या घ्याव्या लागतात.
- पिनांचे रबरी बूट. जुने फाटलेले निघाले तर ऐन वेळी दुकान शोधत फिरावं लागत नाही.
- सीलबंद बाटलीतलं ब्रेक ऑइल, अर्धा लिटर. डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे, एक डबा.
- ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. छोटी ट्यूब पुरते.

हत्यारं:

- चाकाचा पाना, हायड्रॉलिक बॉटल जॅक आणि जॅक स्टँड
- रिंग पाने, फिक्स पाने आणि गोटी पान्यांचा सेट
- टॉर्क पाना. विकत घेणं जड वाटत असेल तर तेवढ्या दिवसापुरता कुणाकडून तरी आणा.
- सी-क्लॅम्प, मोठा
- वायर ब्रश, बारीक कानस, पॉलिश पेपर
- व्हर्नियर कॅलिपर, डिस्कची जाडी मोजायला
- जाड तार किंवा दोरी, कॅलिपर टांगायला
- नायट्राइल हातमोजे, मास्क, चष्मा

पॅड घेताना गाडीचा चॅसिस नंबर आणि उत्पादनाचं वर्ष दुकानदाराला सांगा. ‘बोलेरो पिकअपचे पॅड द्या’ एवढं पुरत नाही. या नावाखाली वेगवेगळ्या भारक्षमतेची मॉडेलं निघालेली आहेत आणि पॅडचा आकार बदलू शकतो. शक्य असेल तर एका बाजूचा जुना पॅड काढून शेजारी ठेवून जुळवून घ्या. पॅड महिंद्राच्या अधिकृत दुकानातले घ्या, नाहीतर राणे (Rane) किंवा ब्रेक्स इंडियासारख्या जुन्या नावाजलेल्या कंपनीचे. खोक्यावर छपाई पुसट, पॅडवर बॅच नंबर नाही, लायनिंगच्या कडा ठिसूळ, नखाने पावडर निघते, असा माल निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नका. दीड टन माल आणि माणसं घेऊन उतरणाऱ्या गाडीत बचत करायची जागा ही नव्हे.

## १. गाडी उभी करा, मग उचला

जागा सपाट आणि कडक हवी. शेताच्या बांधावर किंवा मुरमाच्या अंगणात काम करायचंच असेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली किमान दोन इंच जाडीची रुंद फळी ठेवा. गाडी पूर्ण रिकामी करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. गाडी उचलल्यावर जोर लावाल तर ती जॅकवरून सरकेल.

पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच जॅक लावा. चाक जमिनीपासून सुटलं की चॅसिसच्या लांब पट्टीखाली स्टँड घाला आणि जॅक हलकेच खाली करून वजन स्टँडवर येऊ द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालू नका. बॉटल जॅकचं सील कधी सुटेल याचा भरवसा नसतो. विटा आणि सिमेंटचे ठोकळे रचून स्टँड बनवू नका, ते वजनाखाली न सांगता फुटतात. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी त्या चाकावर थांबेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की कुठली क्लिप कशी होती, हे तिथे जाऊन बघता येतं. मोबाइलवर फोटो काढायला विसरू नका.

## २. टाकीतलं ब्रेक ऑइल थोडं कमी करा

बॉनेट उघडून टाकीचं झाकण आणि आजूबाजूची धूळ आधी पुसा, मग झाकण काढा. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर स्वच्छ, कोरड्या सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या, खालची खूण उघडी पडणार नाही एवढंच. झाकण नुसतं वर ठेवा, फिरवून बंद करू नका. बाजूला पाण्याची बाटली आणि फडकं ठेवा. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही. ते विहिरीजवळ, गटारात, शेतात ओतू नका. बंद बाटलीत भरून जुनं इंजिन ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, मात्र ते ब्रेक ऑइल आहे हे सांगून.

## ३. कॅलिपर उघडा

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे कॅलिपरची मागची बाजू बाहेर येते आणि पाना फिरवायला जागा मिळते. चाक काढल्यावर आधी सगळा भाग ब्रेक क्लीनरने भिजवून धुवा, खाली जुनं पातेलं ठेवा. हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका. ब्रेकची धूळ फुप्फुसात जायला नको, काही जुन्या आणि स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी धुण्याची सवय सोडा. ब्रेकचे रबरी सील पेट्रोलियम लागलं की फुगतात.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट दिसतील, ते सरकत्या पिनांचे. बऱ्याच गाड्यांत त्यांची डोकी १२ ते १४ मिमीची असतात. त्यांहून मोठे दोन बोल्ट ब्रॅकेटचे, म्हणजे पॅड आणि कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीचे असतात, त्यांना पॅड बदलण्यासाठी हात लावायची गरज नाही. खालचा छोटा बोल्ट काढा. बोल्टसोबत पिनही फिरत असेल तर पिनेला पातळ फिक्स पाना लावून धरा. खालचा बोल्ट निघाला की अनेक गाड्यांत कॅलिपर दारासारखा वर उघडतो. तसा उघडत नसेल तर वरचाही काढा.

पूर्ण निघालेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. घाईत ही चूक हमखास होते. नळीचं आतलं अस्तर फाटतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे ऑइल चाकाकडे जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि दोष सापडता सापडत नाही. कॅलिपर तारेने वरच्या भागाला बांधा, नळी सैल राहिली पाहिजे. एबीएसची गाडी असेल तर सेन्सरची वायरही ताणली जात नाही ना, ते बघा.

या क्षणापासून पॅड बसेपर्यंत कुणीही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. पिस्टन बाहेर पडेल. केबिनमध्ये मुलं बसली असतील तर खाली उतरवा.

## ४. जुने पॅड फेकण्याआधी नीट बघा

जुने पॅड ‘आतला’, ‘बाहेरचा’ असं खडूने लिहून शेजारी ठेवा. ब्रेकमध्ये काय बिघडलं होतं, ते या झिजेवरून कळतं.

आतला, म्हणजे पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये. पिस्टन फक्त आतला पॅड दाबतो. बाहेरचा पॅड कॅलिपर सरकला तरच दाबला जातो. पिना अडकल्या की सगळं काम आतल्या पॅडवर येतं. पिस्टन मागे परतत नसेल तरीही असंच होतं.

बाहेरचा जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाहीये, किंवा बाहेरचा पॅड खाचेत घट्ट बसलाय.

एकच पॅड वर जाड, खाली पातळ असा तिरका झिजला असेल तर दोनांपैकी एक पिन अडकली आहे किंवा खाचेत गंज साचलाय.

डाव्या चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि उजव्याचे निम्मे शिल्लक आहेत, असं दिसलं तर संशय त्या डाव्या बाजूच्या पिस्टनवर किंवा नळीवर घ्या. नवे पॅड टाकून हा दोष जात नाही.

दोन्ही बाजूंचे चारही पॅड सारखे झिजलेले असतील तर उत्तम, तुमचा ब्रेक नीट चालत होता.

लायनिंगवर ऑइलचा किंवा ग्रीसचा डाग दिसला तर तो कुठून आला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ५. डिस्क तपासा

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, कडेला किंवा मधल्या भागावर. गंज घासून वाचा. व्हर्नियरने मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कड उरते, व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. त्यासाठी दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं लावून त्यांच्यावरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क बदलायचीच, आणि तीही दोन्ही बाजूंची.

नखाला नुसत्या जाणवणाऱ्या बारीक रेघा चालतात. नख अडकेल असे चर असतील तर डिस्क लेथवर घेऊन दोन्ही तोंडं कातून घ्या, पण कातल्यावर जाडी किमानपेक्षा जास्त उरत असेल तरच. काठापर्यंत गेलेली भेग दिसली तर डिस्क बाद. निळसर-काळे डाग म्हणजे डिस्क फार तापली होती. ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही किंवा हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) सरळ बसलेली नाही.

कोकणात, समुद्राजवळ, किंवा पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर लालसर गंज येतो. तो पहिल्या चार-पाच ब्रेकांत निघून जातो, त्याची काळजी नको. पॅड टेकतात तिथे खोलवर खड्डे पडले असतील तर मात्र तो गंज वरवरचा नाही.

## ६. पिना आणि खाचा

पूर्ण कामातला अर्धा वेळ इथे गेला तरी तो सत्कारणी लागला असं समजा.

दोन्ही पिना बाहेर ओढा. हाताने सहज निघाल्या पाहिजेत. वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते. एकीला रबरी बाही असते किंवा एका बाजूने सपाट कापलेली असते. अदलाबदल केली तर कॅलिपर अडकतो, म्हणून काढतानाच खूण करा. जुनं ग्रीस क्लीनरने पूर्ण पुसा, पिनेच्या भोकातलंही. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिन बदला.

नवं सिलिकॉन ग्रीस पिनेवर पातळ थरात लावा. जास्त ग्रीस कोंबलं तर आत हवा आणि ग्रीस अडकून पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते, कॅलिपर नीट बसत नाही. चाकाच्या बेअरिंगचं साधं पिवळं-निळं ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा जाम होते. ‘ग्रीस लावलं होतं तरी जाम झालं’ असं जिथे ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. फाटका बूट असेल तर तो आत्ताच बदला. शेतरस्त्याची माती आणि पावसाचं पाणी याच वाटेने आत जातं.

आता ब्रॅकेट. जुन्या स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंजाचा थर साचलेला असतो आणि तो क्लिपेला वर ढकलून पॅडची जागा अरुंद करतो. वायर ब्रश आणि कानस घेऊन लोखंड उघडं पडेपर्यंत साफ करा. पण लोखंड कापू नका. नव्या क्लिपा बसवा, त्या टक आवाज करून घट्ट बसल्या पाहिजेत.

## ७. पिस्टन आत ढकला

नवे पॅड जाड असतात, म्हणून बाहेर आलेला पिस्टन आत जायला हवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा, सी-क्लॅम्प लावा आणि सावकाश आवळा. मधूनमधून थांबून टाकीतली पातळी बघा. क्लॅम्पचं टोक थेट पिस्टनवर लावलं तर पिस्टन तिरका होतो किंवा कडा तुटतात. पिस्टनभोवतीचं रबरी धूळरोधक कव्हर चिमटीत सापडत नाही ना, तेही पाहा. पिस्टनचा उघडा भाग आत घालण्याआधी क्लीनर शिंपडलेल्या फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरची माती सीलखाली जाईल.

कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर दोन्हींवर मिळून एक पट्टी किंवा जुना पॅड ठेवून एकत्रच दाबा. एक आत ढकलला की दुसरा बाहेर येतो.

पिस्टन बेताच्या जोराने, एकसारखा आत गेला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर कॅलिपरची निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित उघडून बघा. निपल उघडल्यावर सहज गेला, तर पिस्टन चांगला आहे आणि नळी आतून बंद झालीय. तरीही गेला नाही तर पिस्टन गंजलाय, सील किट किंवा कॅलिपर बदलावा लागेल. पिस्टनभोवती ओल दिसत असेल तर सील गेलं आहे. इथून पुढचं काम जाणत्या मेकॅनिकला द्या. निपल उघडली असेल तर त्या चाकाच्या ब्रेक ऑइलमधली हवाही काढावी लागेल, हे लक्षात ठेवा.

## ८. नवे पॅड बसवा

हातमोजे बदला. लायनिंगला बोटांचं तेल, ग्रीस, काहीही लागू द्यायचं नाही. आवाज करणारी पट्टी असलेला पॅड जुन्या जोडीत जिथे होता तिथेच, त्याच दिशेने ठेवा. पॅडच्या पाठीवरच्या पातळ पत्र्यांच्या शिम नव्या सेटमध्ये नसतील आणि जुन्या सरळ असतील तर साफ करून वापरा.

पॅडचे दोन्ही कान खाचेत सरकतात, तिथे आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पॅड बोटांनी पुढे-मागे सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर थांबा. बहुतेक वेळा कानांवर रंगाचा जाड थर असतो, तो कानसेने उतरवा. ठोकून बसवलेला पॅड परत येत नाही, डिस्कला घासत राहतो आणि चाक तापतं.

कॅलिपर खाली आणा, नळीला पीळ पडलेला नाही हे बघा, बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवून मग पाना लावा. पिनांच्या बोल्टना अनेक गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क असतो, म्हणजे बराच कमी. पाइप लावून आवळलेत तर आटे जातील. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

चाक चढवण्याआधी हबवरचा गंज ब्रशने काढा. नट समोरासमोरच्या क्रमाने कसा, आणि शेवटचा कस चाक जमिनीवर टेकल्यावर द्या. नंतर दुसरी बाजू.

## ९. गाडी हलवण्याआधी पेडल मारा

पिस्टन आत ढकललेला आहे, त्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यात मोठी फट आहे. पहिल्यांदा पाय ठेवाल तेव्हा पेडल थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही. घरी पॅड बदलल्यावर फाटकाला किंवा भिंतीला गाडी धडकते ती यामुळे.

इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू मारत राहा. पूर्ण तळापर्यंत दाबू नका, अर्ध्या टप्प्यापर्यंतच दाबा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) तळाकडचा भाग वापरात नसल्याने तिथे गंज असू शकतो आणि पूर्ण दाबलं की सील त्यावर कापलं जातं. पेडल वर येऊन कडक झालं की टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा, झाकण घट्ट लावा. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबा. पेडल थोडं खाली जाऊन घट्ट थांबलं पाहिजे. दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. स्पंजासारखं मऊ लागत असेल तर हवा शिरली आहे. दोन्ही परिस्थितींत गाडी बाहेर काढू नका.

पेडल कडक आहे पण बरंच खाली जाऊन लागतं, असं झालं तर मागचे ड्रम बघा. मागच्या लायनिंगची आणि ड्रमची फट वाढलेली असते. पुढे कितीही चांगले पॅड टाकले तरी ती फट जुळवल्याशिवाय पेडल वर येत नाही, आणि मागचा ब्रेक ढिला असेपर्यंत सगळा भार पुढच्या पॅडवर पडून ते लवकर संपतात.

## १०. पॅड डिस्कला बसू द्या

मोकळ्या, सरळ रस्त्यावर रिकामी गाडी घ्या. ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. अर्धा मिनिट चालवून डिस्क गार होऊ द्या, पुन्हा तसंच. असं आठ-दहा वेळा. याने पॅडचा एकसारखा थर डिस्कवर चढतो. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी करून ठेवली तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

पहिले २००–३०० किलोमीटर पूर्ण माल भरून कसारा किंवा माळशेजसारखा घाट उतरू नका. थोडा वास, थोडा धूर पहिल्या फेरीत आला तर घाबरायचं कारण नाही.

फेरी संपल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावायचा नाही. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर परत उघडा, पिन किंवा पॅड अडकलाय. सुमारे १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा कसून बघा आणि कॅलिपरच्या मागे ओल नाही ना, तेही पाहा.

## ब्रेक ऑइलबद्दल

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि डॉट ४ किमान २३० अंशांना. ओलावा शिरल्यावर हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलात की कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल अचानक तळाला जातं. म्हणून नव्या पॅडइतकंच नवं ऑइल महत्त्वाचं. पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली नसेल तर दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून घ्या. आपल्या पावसात ही मुदत वाढवू नका. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारलेलं असतं, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही. नाव जवळचं वाटलं म्हणून ओतू नका. आणि इंजिन किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही या टाकीत गेलं, तर गाडी सुरू न करता टो करून गॅरेजला न्या. ब्रेकच्या सगळ्या यंत्रणेचे सील बदलावे लागतात.

घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायला जाऊ नका. पिकअपचे पॅड किती टिकतील हे ब्रँडपेक्षा या सवयीवर आणि गाडीत भरलेल्या वजनावर जास्त ठरतं.

पॅड बदलल्याची तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवा. पुढची पाहणी दर १०,००० किलोमीटरला, आणि पावसाळा संपल्यावर एकदा पिना बाहेर काढून ग्रीस बदला.